‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ हे कुणी कुणाला म्हणायचं?

मांजराकाठ

तुकोबा दुकानदार होते आणि त्यांचं दुकान बुडालं. कीर्तनात हा भाग दोन-चार वाक्यांत उरकतो, बुवा लगेच भंडाऱ्याच्या डोंगरावर आणि तिथून वैकुंठाला पोचतात. मी मात्र बरीच वर्षं त्या बुडालेल्या दुकानापाशीच थांबलोय. कारण मीही दुकानदार होतो.

लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं आणि धाकट्या भावाचं कृषी सेवा केंद्र होतं. हा धंदा उधारीवर चालतो हे गावाकडच्यांना सांगायला नको. मृगाला बियाणं-खत न्यायचं, सोयाबीन आडतीवर गेलं की दिवाळीच्या आगेमागे पैसे आणून द्यायचे. २०१४ ला पावसानं ओढ दिली, २०१५ त्याहून वाईट गेलं. दुबार पेरणीचं बियाणंसुद्धा उधारीवरच गेलं, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. त्याच्या आधीच आमचं शटर खाली आलं होतं. एकीकडे वरच्या व्यापाऱ्यांचं देणं आणि बँकेचा तगादा, दुसरीकडे वहीत अडकलेले पैसे.

त्या उन्हाळ्यात वसुलीला एका वस्तीवर गेलो होतो. अंगणात घागरी, कळश्या, तेलाचे डबे टँकरच्या वाटेवर ओळीनं मांडलेले. त्यात फवारणीच्या औषधाचा एक धुतलेला कॅनही होता आणि त्यावर माझ्याच दुकानाचा शिक्का. घरधनी बाहेर आला, ‘शेठ, बसा’ म्हणाला आणि आत वळून चहा ठेवायला सांगितला. चहाला पाणी कुठलं घालणार हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. वही पिशवीतून काढलीच नाही. चहा आला तो प्यायलो आणि निघालो.

दुकान गेल्यावर लोक भेटायला यायचे. चांगल्या मनानंच यायचे. त्यातल्या कितीतरी जणांनी मला हा अभंग ऐकवला:

बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥

म्हणजे बघ, तुकोबांचंही दिवाळं निघालं म्हणूनच ते तुकोबा झाले. देवानं तुला मोकळं केलं. यातून काहीतरी चांगलंच होणार. मला ते ऐकताना आतून पीळ पडायचा. अभंगावर राग नव्हता. पण तो माझ्या अंगावर असा कुणी टाकावा हे सहन होत नव्हतं.

पुढं दाळमिलमध्ये वजनकाट्यावर नोकरी धरली. रात्री वेळ मिळायला लागला तेव्हा गाथा स्वतः वाचायला घेतली आणि ‘याति शूद्र वैश केला वेवसाव’ या अभंगावर आलो. तुकोबांनी स्वतःबद्दल सांगितलंय त्यात. सांगायची इच्छा नव्हती, पण तुम्ही संतांनी विचारलं म्हणून सांगतो, असं म्हणून सुरुवात केलीय. मग क्रम लागतो. आईबाप गेले. दुष्काळानं पैसा आटला, त्याबरोबर मान गेला. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ लाज वाटायला लागली. धंद्यात तूट दिसायला लागली. आणि त्याच्या लगेच पुढची ओळ:

देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें ॥

एवढं सगळं कोसळल्यावर त्या माणसाला कसलं ज्ञान वगैरे झालं नाही. गावातलं पडकं देऊळ दिसलं आणि ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करायला लागले, आणि तिथं स्वतःच सांगतात की अभ्यासात चित्त नव्हतं. मग दुसऱ्या संतांची वचनं पाठ केली. पुढं गाणाऱ्याच्या मागं उभं राहून ध्रुपद धरलं. ‘लाज नाहीं मनीं येऊं दिली.’ गुरूचा स्वप्नातला उपदेश, कवित्वाची स्फूर्ती हे सगळं याच्या नंतर येतं.

माझं म्हणणं एवढंच की दुष्काळानं तुकोबांना काही दिलं नाही. दुष्काळानं फक्त नेलं. जे आलं ते त्यांनी नंतर हातांनी, पाठांतरानं, मागं उभं राहून मिळवलं. ‘बरें जालें’ हे त्यांनी देवाला म्हटलंय, स्वतःच्या दिवाळ्याबद्दल, सगळं पार केल्यावर. दुसऱ्या कुणाच्या दिवाळ्याबद्दल त्यांनी तसं म्हटल्याचं मला गाथेत कुठं सापडलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाची वेळ आली तेव्हा ते ‘जे का रंजले गांजले’ म्हणतात.

मी स्वतः गावच्या भजनी मंडळात टाळ घेऊन मागच्या ओळीत उभा राहायला लागलो. काही महिने नुसताच उभा होतो. ज्यांची उधारी वहीत होती तेच पुढच्या ओळीत असायचे. आज मी पूर्वीपेक्षा बरा माणूस आहे असं मला वाटतं, पण त्याचं श्रेय मी २०१५ च्या पावसाला द्यायला तयार नाही.

तुमच्यापैकी जे कुणी अशा काळातून गेलेत त्यांना विचारतो: त्या काळात तुम्ही काय *केलंत*? काय वाटलं ते नंतर सांगा.

जात्यावरची_ओवी

भाऊ, मनापासून लिहिलंत. पण तोच अभंग आणखी पुढं वाचा. ‘बरें जालें देवा बाईल कर्कशा’ आणि त्यापुढं ‘लेंकरें बाईल उपेक्षिलीं’. मी इथं दर वेळी अडखळते.

दुष्काळात तुकोबांची पहिली बायको रखमाबाई गेली, पोटचा मुलगा गेला. तिच्या वाट्याला आध्यात्मिक वाढ वगैरे काही आलं नाही, ती अन्न अन्न करत मेली. तुकोबांनी ते लपवलं नाही हे त्यांचं मोठेपण. आणि मागं राहिली दुसरी बायको जिजाई. तिला आपण आवली म्हणतो, भांडखोर म्हणतो. भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर कोण चढत होतं? तुकोबा गेले तेव्हा ती गरोदर होती, धाकट्या नारायणाचा जन्म त्यांच्या माघारी झाला. त्याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घेऊन पंढरीची वाट धरली. आज लाखो लोक त्या वाटेनं चालतात. त्या मुलाला वाढवलं कुणी? एकाचं दिवाळं निघालं आणि त्याला देव भेटला, पण तेच दिवाळं घरातल्या दुसऱ्या माणसानं भाकरीच्या हिशोबात रोज भोगलं. तिची साधना कुठल्या गाथेत लिहिली नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या यजमानांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. मी काय केलं? मोजायला शिकले. दिवसाला किती पाणी प्यायचं ते ठरलेलं, म्हणून सकाळीच एका बाटलीत भरून ठेवते. त्यातूनच चहा, त्यातूनच गोळ्यांपुरता घोट. डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन वहीत. पालेभाजी, डाळ आधी भिजवून-उकळून ते पाणी टाकून द्यायचं, म्हणजे त्यातलं पोटॅशियम कमी होतं. उन्हाळ्यात समोर माणूस तहानलेला आहे आणि आपण पाणी नाही म्हणायचं, हे फार कठीण असतं. मी त्यांच्यासमोर पाणी पीत नाही, स्वयंपाकघरात जाऊन पिते.

आणि दुसरं म्हणजे मागायला शिकले. आमच्याकडे कुणापुढं हात पसरायचा नाही अशी शिकवण. आता शेजारच्या मुलाला सरळ सांगते, आज रिक्षा मिळत नाही, गाडीवरून सोड. तुम्ही लिहिलेली ती लाज मनात येऊ न देण्याची ओळ मला तिथं कळली.

याला वाढ म्हणायचं तर म्हणा. पण ‘ताई, या आजारानं तुम्हाला किती खंबीर केलं’ असं कुणी म्हणालं की मला त्या माणसाशी पुढं बोलावंसं वाटत नाही.

पाटीपेन्सिल

मांजराकाठ, अभंगाचा क्रम तुम्ही नेमका पकडलात. निवृत्त मराठी शिक्षक म्हणून थोडी भर घालतो.

तो दुष्काळ १६३० ते १६३२ चा. दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पाऊस गेला, त्यात शाहजहानच्या फौजा दख्खनेत उतरलेल्या. म्हणजे अस्मानी आणि सुलतानी एकाच वेळी. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या काळात सुरतेहून आग्र्याला गेला, त्यानं वाटेवरची प्रेतं आणि ओस पडलेली गावं पाहून लिहून ठेवलंय. ‘अन्न अन्न करितां’ ही अतिशयोक्ती नव्हती.

तुमच्या वहीवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारीही होती, लोकांची कर्जखतं घरात होती. ती त्यांनी इंद्रायणीत बुडवली ही कथा सगळ्यांना माहीत असते. संतचरित्रकार महिपतीबुवांनी सांगितलेल्या या कथेतला एक तपशील मात्र सांगताना गळतो. धाकटे भाऊ कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त झालात पण मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. निम्मी कान्होबाच्या हवाली केली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी नदीत सोडली.

मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. स्वतःचं सोडायचा अधिकार स्वतःला, भावाचं सोडायचा नाही. तुमचा प्रश्न आणि जात्यावरची_ओवी यांचा आक्षेप, दोन्ही तिथं एकत्र येतात. ‘लेंकरें बाईल उपेक्षिलीं’ ही ओळ मी वर्गात शिकवताना अनेकदा टाळत असे, मुली प्रश्न विचारायच्या. त्या ओळीत मला पश्चात्ताप ऐकू येतो, काहींना वैराग्य ऐकू येतं. ताईंनी जिजाईची बाजू मांडली ती ग्राह्यच धरतो.

रामकृष्णहरी_माउली

सर्वांना दंडवत. मी माळकरी आहे, वडिलांपासून वारी आहे, म्हणून वेगळं बोलतो, रागावू नका.

धागाकर्ते म्हणतात दुष्काळानं काही दिलं नाही. मग देवाचा हात कुठंच नाही का? आमचा तरुण मुलगा अपघातात गेला. त्या वर्षी वारी चुकवायची असं घरात ठरत होतं. माझ्या आईनं मला घराबाहेर काढलं, म्हणाली जा, इथं बसून तो परत येणार नाही. दिंडीत मी एक शब्द तोंडातून काढला नाही. चालायचं, मुक्कामाला तंबू ठोकायचा, पंगतीत वाढायचं, भांडी घासायची. विणेकऱ्यांनी एकदाही विचारलं नाही. दिवे घाटात मात्र माझ्या वयाचा एक अनोळखी वारकरी बाजूला आला आणि माझी पिशवी त्यानं त्याच्या खांद्यावर घेतली. वर पोचल्यावर परत दिली. आम्ही काहीच बोललो नाही.

‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें । चित्तीं असों द्यावें समाधान ॥’ यावर माझा विश्वास आहे. लोक याला हात टेकणं समजतात. माझ्यासाठी ते सगळ्यात कठीण काम आहे, रोज नव्यानं करावं लागतं. मला वाटतं दुःख हे देवाचंच बोलावणं होतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर माझा आग्रह नाही, पण मला वाटतं ते मी म्हणणार.

जात्यावरची_ओवी

माउली, तुम्ही म्हणा ना, तुमचा अधिकार आहे. तुमच्या मुलाबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझं भांडण फक्त त्यांच्याशी आहे जे माझ्या दारात येऊन ‘देवाचं बोलावणं’ म्हणतात. दिवे घाटातल्या त्या वारकऱ्यानं तसं काही म्हटलं नाही, पिशवी घेतली.

संवादिनी

मी समुपदेशक आहे, त्या बाजूनं थोडं लिहिते.

मोठ्या आघातानंतर काही माणसांमध्ये खरोखर बदल होतो, याचा मानसशास्त्रात तीसेक वर्षं पद्धतशीर अभ्यास चाललाय. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोघांनी १९९६ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली केली. पाच बाबतींतले बदल ते मोजतात: माणसांशी जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, जगण्याची किंमत कळणं आणि आध्यात्मिक बदल. धागाकर्त्यांच्या म्हणण्याशी जुळणारी गोष्ट अशी की त्यांनीही वाढीचं श्रेय घटनेला दिलं नाही, घटनेनंतरच्या झगड्याला दिलं. आधीची जगाबद्दलची समजूत मोडते, आणि नवी समजूत बांधताना माणूस जे करतो त्यातून बदल येतो.

दुसरी गोष्ट मला रोजच्या कामात दिसते. बदल झाला म्हणजे दुःख संपलं असं होत नाही. दोन्ही एकाच घरात राहतात. माझ्याकडे येणाऱ्या एक आजी नातवंडांना हसत सांभाळतात आणि दर अमावस्येला गेलेल्या लेकीसाठी रडतात, त्यांना यातलं एक खरं आणि एक खोटं असं कधी वाटत नाही. आणि कित्येकांना वाढ वगैरे काही जाणवत नाही, ते नुसते तगतात. त्यांनी काही कमी केलंय असं मी कधीच म्हणणार नाही. ‘यातून मी काही शिकलो नाही’ म्हणून अपराधी वाटून घेणारी माणसं माझ्याकडे येतात. आधीचं दुःख आणि त्यावर हे ओझं.

या क्षेत्रात एक शंकाही आहे, ती लपवत नाही: माणसं स्वतःच्या वाढीबद्दल जे सांगतात त्यातलं किती प्रत्यक्ष वागण्यात उतरतं आणि किती मनाला धीर द्यायला सांगितलेलं असतं, यावर संशोधकांत मतभेद आहेत. म्हणून धागाकर्त्यांनी ‘काय केलंत’ असं विचारलं ते मला आवडलं.

वाचणाऱ्यांत कुणाची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर कृपा करून अभंगावर किंवा या धाग्यावर थांबू नका. घरातल्या एका माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६ वर चोवीस तास फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

खडीकेंद्र

मी तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा वयानं मोठा आहे. १९७२ ला मी माण तालुक्यात शाळेत होतो. शाळा सुटली की आईच्या शेजारी खडी फोडायला बसायचो. डाव्या हातात दगड धरायला रबरी टायरची कडी, उजव्या हातात हातोडी. आईच्या डोळ्याला कच उडून लागली होती, तो डोळा शेवटपर्यंत अधू राहिला. सुकडी मिळायची ती आई पदराला बांधून घरी आणायची. अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. लाल, चिवट. त्याची चव अजून जिभेवर आहे.

त्या दुष्काळानं माझ्या आईला काही शिकवलं असं मला वाटत नाही. कष्ट, काटकसर, शेजाऱ्याला घास देणं, हे तिला आधीच येत होतं. दुष्काळानं फक्त तिचा डोळा घेतला.

पण आणखी एक बाजू या धाग्यात अजून आली नाही. तुम्ही सगळे आतल्या बदलाबद्दल बोलताय. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. ती नुसती सोसत बसली नाहीत. मोर्चे निघाले, कामं बंद पडली की माणसं कचेरीवर जायची, मजुरी थकली की घेराव. बायका पुढं असायच्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात रुजली, १९७७ ला कायदा झाला. मागेल त्याला काम हा हक्क झाला, आणि पुढं २००५ ला देशानं त्याच वाटेनं कायदा केला. माझी आई अंगठा लावणारी बाई. कामावर हजेरी कमी मांडली तर मुकादमाला ‘हिशोब दाखव’ म्हणायला ती त्या वर्षात शिकली. हे मला अध्यात्मापेक्षा कमी वाटत नाही. ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता’ हे तुकोबांनी त्याच आत्मचरित्राच्या अभंगात म्हटलंय ना?

देवानं परीक्षा घेतली म्हटलं की धरणाचं पाणी कुणाच्या उसाला गेलं हा प्रश्न कुणी विचारत नाही. माउलींच्या दुःखाबद्दल मी काही बोलणार नाही, त्यांचा मुलगा गेलाय. पण दुष्काळाच्या बाबतीत ‘बरें जालें’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

रामकृष्णहरी_माउली

काका, तुमच्या आईंना माझा दंडवत सांगितला असता. पाणी कुणी नेलं हे विचारायलाच हवं. वारकऱ्यानं विचारू नये असं कुणी सांगितलंय?

फक्त_आजचा_दिवस

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी दारुडा आहे, सध्या पीत नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगला जातो. नाव सांगत नाही ते आमच्या पद्धतीमुळे.

‘बरें जालें’ हे कुणी म्हणायचं हा प्रश्न आमच्याकडे रोजच असतो, आणि त्याची रीत बसलेली आहे. मीटिंगमध्ये प्रत्येक जण फक्त स्वतःचं सांगतो. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, समोरच्याला ‘तू असं कर’ म्हणत नाही. जुने लोक सांगतात की माझं सगळं गेलं म्हणून मी या खोलीत आलो, आणि या खोलीत मला जगणं सापडलं, म्हणून आभार मानतो. नवा आलेला माणूस बाकावर थरथरत बसलेला असतो. त्याला कुणीही सांगत नाही की तुझी बायको माहेरी गेली हे बरं झालं. त्याला चहा देतात. दोन्ही हातांनी धरता यावा म्हणून अर्धाच कप भरतात. माझाही पहिला कप तसाच अर्धा होता, तो अर्धा का ते मला नंतर कळलं.

आमच्या बारा पायऱ्यांत एक पायरी अशी की ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची, आणि पुढची पायरी म्हणजे जमेल तिथं भरपाई करायची, त्यातून त्यांना किंवा दुसऱ्याला इजा होणार नसेल तर. माझ्या यादीत आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार होता. बायको पोरांसाठी त्याच्याकडून उधारीवर धान्य न्यायची आणि पगार मी गुत्त्यावर घालवायचो. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्यानं वही काढली, धूळ झटकली, पान शोधलं. रक्कम मला वाटत होती त्यापेक्षा कमी निघाली. विचारलं तर म्हणाला, मधली काही दुधाची पिशवी मी लिहिलीच नव्हती.

मी हप्त्यानं फेडलं. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी त्यानं माझ्यासमोर पानावर आडवी रेघ मारली. मी त्या रेघेकडे बघत उभा राहिलो. मला देव कोण, कसा, माहीत नाही. आमच्याकडे ‘आपल्याला समजेल तसा ईश्वर’ म्हणतात. मला त्या दिवशी जेवढा समजला तेवढा खूप झाला.

मांजराकाठ दादा, तुमच्या वहीत ज्यांची नावं आहेत त्यातल्या काहींना तुमच्यासमोरून जाताना मान खाली घालावी लागत असेल. त्यांच्या बाजूनं लिहावंसं वाटलं.

मांजराकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. ताई, जिजाईबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी बायकोला वाचून दाखवलं. तिनं शिवणकामावर घर चालवलं त्या वर्षांबद्दल आम्ही दोघं पहिल्यांदा सविस्तर बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही.

वही अजून माझ्याकडे आहे. कायद्यानं त्यातल्या जवळजवळ सगळ्या उधारीची मुदत कधीच संपली, तीन वर्षांनंतर दावा चालत नाही. व्यापाऱ्यांचं देणं आम्ही जमीन विकून आणि पगारातून बहुतेक फेडत आणलंय. म्हणजे आता वहीतली रक्कम हा फक्त आमच्या दोघा भावांचा प्रश्न उरलाय. दाळमिलच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर घेऊन यातलेच काही शेतकरी येतात. दादा, तुम्ही म्हणता तसंच होतं. काही जण मी काट्यावर असेन तर मुलाला पाठवतात.

पाटीपेन्सिल गुरुजी, दोन वाट्यांचा तपशील मला माहीत नव्हता. वही जाळावी असं अनेकदा मनात आलं होतं, पण धाकट्याचे पैसेही त्यात आहेत आणि त्याच्या दोन मुली शिकताहेत. रविवारी तो येतोय. पानं समोर ठेवून वाटे करतो. त्याच्या वाट्याचं त्यानं ठरवावं. माझ्या वाट्याची पानं मी सोडणार आहे.

खडीकेंद्र

चांगलं ठरवलंत. पण गुपचूप फाडू नका. ज्याचं पान सोडाल त्याच्या घरी जाऊन त्याला सांगा, नाहीतर तो जन्मभर मुलालाच काट्यावर पाठवत राहील. आणि काही जण माफी घेणार नाहीत. माझी आईही घेतली नसती. ते पाचशे देतील, पायलीभर तूर देतील. ती घ्या आणि त्यांच्यासमोर रेघ मारा.